खिडकी क्रमांक तीन

जूनमधले साडेअकरा. पंखा फक्त आवाजापुरता.
मलकप्पा शिपाई आत डोकावला :
"मॅडम, ती पोरगी सकाळधरनं उभी हाय.
कुणीबी पुढं घुसायलंय, ही मागं सरकायलीय."

जाळीखालून आधी फाईल आली, मग बोटं,
मग नाव : यांगझोम.
पुढे काही नाही.
पोर्टलला आडनाव लागतं, लाल चांदणी मारून मागतं.
मी एक टिंब टाकलं.
यंत्राने टिंब मान्य केलं
आणि मला उगाच वाटलं, आज जमेल.

राज्य निवडा. तालुका निवडा. राष्ट्रीयत्व निवडा.
यादी खाली खाली गेली, परत वर आली,
तिचं घर त्यात नव्हतं.
"वडिलांचा जन्म कुठला?"
"वाटेतला."
मराठी स्वच्छ, जरा बाजारातली.
तिला साईज येतात, रंग येतात, "बोहनीची वेळ आहे" येतं,
अधिवास म्हणजे काय, ते विचारावं लागलं.

आईवडील दिवाळीनंतर मुंडगोडहून यायचे
लोकरीचे गठ्ठे घेऊन,
पार्क चौकाजवळ पाल ठोकायचे,
गड्ड्याची गर्दी ओसरली की परत.
मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं
त्या सोलापुरात ह्यांचं पोट थंडीवर.
यंदा वडिलांचं डायलिसिस इथेच सुरू झालं.
पाल उठलं, माणसं राहिली.

मी कागद मागत गेले. मागावेच लागतात.
डोमिसाईल? नाही.
जातीचा दाखला? नाही.
उत्पन्न?
"हिवाळ्यातलं सांगू की उन्हाळ्यातलं?"
मायग्रेशन सर्टिफिकेट?
तिचा चेहरा उजळला.
"ते आहे," म्हणाली. "तेवढं आहे."

नायना आठवले.
सिरसिल्ल्याहून आलेले, जन्मभर मागावर उभे,
माझ्या अकरावीच्या फॉर्मवर तेलुगूत सही करून
केवढे खूश!
आतल्या माणसाने कागद तिरपा धरला :
"ही जिलबी कुणी पाडली?"
आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.
रोज पेपर वाचणारे माझे नायना
अंगठा उठवून आले,
घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
तिलाही नाही.
म्हटलं, "अशी आत ये. खुर्ची घे."

पुढे केलं ते फार नाही.
प्राचार्यांच्या नावे अर्ज, सहा आठवड्यांची मुदत,
परदेशी नागरिक कक्षाला तीन फोन,
त्यातला एक उचलला गेला.
टोणपे बाईंनी वनस्पतिशास्त्राची पुस्तकं दिली,
एक जुन्या अभ्यासक्रमाचं निघालं.
शिष्यवृत्ती दोनदा भरली, दोनदा परत आली.
शेरा : प्रवर्ग नमूद नाही.
फी चार हप्त्यांत.
तिसरा हप्ता दहा-दहाच्या नोटांचा,
नोटांना डांबरगोळ्यांचा वास.
मोजल्या. पावती फाडली.
"जपून ठेव. पावती म्हणजे पुरावा."
कशाचा, ते तिने विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तर
मला तरी कुठे सांगता येणार होतं.

डिसेंबरात पार्क चौकात गेले.
पाल परत उभं होतं, आई गठ्ठा सोडत होती.
बल्बखाली हिची प्रयोगवही उघडी :
कांद्याच्या सालीतल्या पेशी,
पेन्सिलीने, एकीला लागून एक,
प्रत्येकीला भिंत.

मी निळा स्वेटर उचलला.
तो कपाटातच राहणार, हे दोघींनाही ठाऊक.
"शेवटचं सांग."
हसली. एक रुपया सोडला नाही.
मग बिलबुक काढलं, कार्बन नीट बसवला,
आणि न विचारता लिहिलं
गुंडेटी विजयालक्ष्मी,
आडनाव आधी,
आमच्यात लिहितात तसं.
खिडकीवरच्या पाटीवर ते उलटं आहे.
हिला कुणी सांगितलं?

घडी माझ्या हातात ठेवत म्हणाली,
"पावती, मॅडम. जपून ठेवा."